काठी, सुरा आणि शनिवार-रविवार: एस्क्रिमाच्या शिबिराला जाऊन आले

गारवेल

मागच्या शनिवारी-रविवारी इथे अमेरिकेत युनियन सिटीत एस्क्रिमाचं शिबिर झालं, त्याला जाऊन आले. दुसऱ्या एका धाग्यावर ओघात बोलून गेले, तर व्यनिंचा (खाजगी निरोपांचा) पाऊस नाही पण तीन-चार थेंब पडले. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच लिहिते.

ज्यांनी नावही ऐकलं नाही त्यांच्यासाठी: ही फिलिपिन्सची युद्धकला. उत्तरेकडे लुझोनमध्ये अर्निस म्हणतात, सेबूकडच्या बेटांवर एस्क्रिमा, आणि आमच्या इथे अमेरिकेत बरेचजण काली म्हणतात. बाकीच्या बहुतेक कलांमध्ये आधी वर्षानुवर्षं मुठी-लाथा आणि मग कधीतरी हत्यार हातात येतं. इथे पहिल्याच दिवशी हातात काठी. त्यामागचा हिशेब असा की वाराची रेघ तीच राहते, मग हातात काठी असो, सुरा असो, छत्री असो नाहीतर काहीच नसो.

काठी वेताची, साधारण २८ इंच लांब, अंगठ्याहून जरा जाड. वेत आतून भरीव असतो. मार खाऊन तो चिंध्यांसारखा सुटतो, पण बांबूसारख्या टोकदार चिरफळ्या उडत नाहीत, म्हणून समोरच्याचे डोळे वाचतात.

शिकवायला सेबूहून एक मास्टर आले होते, डोसे पारेस घराण्यातले. ही संस्था सेबूत १९३२ साली सुरू झाली. पुढे पन्नासच्या दशकात आन्सिओंग बेकन नावाचे एक उस्ताद तिथून बाहेर पडले आणि त्यांनी बालिंतावाक हे वेगळं घराणं उभं केलं. एकच काठी आणि अगदी जवळून लढायचं. दोन्ही घराण्यांची चुरस इतकी की जुने लोक आजही आवाज खाली करून त्या मारामाऱ्यांच्या गोष्टी सांगतात. आमचे मास्टर साठीचे, बुटके, पोट सुटलेले. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला हा माणूस म्हणजे कुणाचे तरी आजोबा असावेत अशीच माझी समजूत होती. ते उठून हॉलच्या मधोमध आले आणि काठी फिरवली, तेव्हा काठी दिसलीच नाही, फक्त आवाज आला.

शनिवारची सकाळ बारा वारांत गेली. डावी कानशील, उजवी कानशील, खांदे, कंबर, पोटात भोसक, गुडघे, शेवटी डोक्यावर. घराण्यागणिक क्रम बदलतो, पण वारांना आकडे असतात हे सगळीकडे. शिकवणारा 'सात' म्हणाला की पन्नास लोकांच्या काठ्या एकाच रेघेत जातात. मग दोन काठ्यांची सिनावाली. उजवी काठी खांद्यावर, डावी उजव्या काखेत, आणि वर-खाली-वर, वर-खाली-वर. लांबून बघणाऱ्याला टिपऱ्या वाटतील, वाटू देत. वेग वाढला की वेतावर वेत घासून जळका वास सुटतो, लाकूड करपल्यासारखा. पन्नास जोड्या काठ्यांचा तो वास हॉलभर भरला होता, आणि मला तो आवडतो हे मी घरी सांगत नाही.

आता मुद्द्याचं. या शिबिरातून मी काय आणलं म्हणाल तर एकच गोष्ट: वार कसा द्यायचा. अडवायचा कसा हे नाही.

जोडीच्या सरावात एकजण वार देतो, दुसरा अडवतो. सगळ्यांचं लक्ष अडवणाऱ्याकडे, कारण काय ते 'तंत्र' त्याच्याकडे. वार देणारा म्हणजे हमाल. त्यामुळे नव्वद टक्के लोक वार देतात तो समोरच्याच्या काठीला, माणसाला नाही. काठी मधेच हवेत थांबते, टक् असा आवाज येतो, दोघंही खूश. दुपारी माझ्या वाट्याला आल्या एक निवृत्त नर्सबाई, सत्तरीच्या, मूळच्या फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावरच्या. त्यांनी पहिला वार दिला तो सरळ माझ्या कानशिलावर. सावकाश, पाण्यात हात हलवावा इतका सावकाश, पण रेघ पक्की. मी काठी मधे आणली नसती तर तो कानाला लागून थांबला असता. दुसरा तसाच. तिसरा तसाच. माझी काठी दोन बोटं खाली असली की त्यांचा वार वरून निसटून केसांना लागायचा आणि त्या फक्त म्हणायच्या, "अगेन." ना उपदेश, ना 'गुड जॉब'. सकाळभर जे मला येतं असं वाटत होतं त्यातलं किती खरं, हे त्यांच्या अर्ध्या तासात कळलं.

रविवारी एस्पादा इ दागा, म्हणजे एका हातात लांब काठी आणि दुसऱ्यात लाकडी सुरा. हे डोक्याचं काम आहे, दोन हात दोन वेगळ्या गोष्टी बोलतात. मग काठी हिसकावून घेण्याचे प्रकार, आणि दुपारी सुरा. त्याबद्दल कुणी विचारलं तर लिहीन, नाहीतर हा धागा पुराण होईल.

जेवण यजमानांच्या घरच्यांनी केलेलं. पान्सित (शेवया), लुंपिया (तळलेले रोल), अदोबो (व्हिनेगरमध्ये शिजवलेलं मांस). शाकाहाऱ्यांनी डबा न्यावा, भाजीच्या म्हणून दिसणाऱ्या शेवयांतही कोळंबी निघते. पण तुरोन खायला मिळालं: केळं आणि सोबत पिकल्या फणसाची पट्टी, पारीत गुंडाळून साखरेत तळलेली. कोकणातल्या माणसाला यापुढे काही सांगायला नको.

अर्धवट_पुणेकर

लेख छान. पण आपल्याकडे मर्दानी खेळ असताना फिलिपिन्सच्या काठ्या कशाला? महाराजांच्या मावळ्यांनी हे सगळं आधीच करून ठेवलंय.

फणसपोळी

तुरोनची पाककृती टाका आधी. काठ्या नंतर.

गारवेल

@अर्धवट_पुणेकर, युनियन सिटीत दांडपट्टा शिकवणारं कुणी असेल तर पत्ता द्या, उद्या सकाळी दारात उभी राहते.

@फणसपोळी, साबा नावाची छोटी केळी मिळाली तर ती, नाहीतर राजेळी घ्या. उभी चिरायची, ब्राउन शुगरमध्ये घोळवायची, फणसाची पट्टी ठेवून लुंपियाच्या पारीत घट्ट गुंडाळायचं. तळताना तेलातच थोडी साखर टाकायची, ती वर चिकटते.

पंचगंगाकाठ

मी कोल्हापूरचा, लहानपणापासून तालमीत. पुणेकरांच्या प्रतिसादावर दोन शब्द बोलू द्या.

मर्दानी खेळात लाठी आहे, बोथाटी म्हणजे बोथट टोकाचा भाला आहे, विटा म्हणजे दोरी लावलेला भाला आहे, दांडपट्टा आहे, पण ताईंनी वर्णन केलंय त्याला सगळ्यात जवळचा आमचा प्रकार म्हणजे फरी-गदका. एका हातात कातडी फरी म्हणजे छोटी ढाल, दुसऱ्यात गदका म्हणजे कातडं चढवलेली काठी. समोरासमोर दोघं. वार, अडव, हूल. हूल देण्यावरच सगळा खेळ. लोकांना मात्र माहीत असतो तो शिवजयंतीच्या मिरवणुकीतला पट्टा, कारण तो दिसायला भारी. लिंबू कापलं की टाळ्या.

खरं सांगायचं तर आमच्याकडं एकट्यानं फिरवायचं काम जास्त झालंय आणि जोडीचं काम मागं पडलंय. वस्ताद जुन्या खोंडांना जोडीत उभं करतात, नव्या पोरांना मिरवणुकीपुरतं तयार करतात. त्यामुळं ताईंचं ते वार देण्याबद्दलचं वाचून लई बरं वाटलं. आमचे वस्ताद पण हेच म्हणतात, मारणारा खोटा असंल तर अडवणारा पण खोटाच तयार होतो.

कोण आधी आणि कोण मागून यात मला रस नाही. माणसाला दोन हात आणि एक डोकं सगळीकडं सारखंच, काठी फिरवायच्या रेघा किती वेगळ्या निघणार?

तळ्याकाठचा_बगळा

पंचगंगाकाठ यांचा प्रतिसाद आवडला. 'आम्हीच आधी' हा आजार फिलिपिन्समध्येही आहे बरं का. तिथे बरीच घराणी आपली वंशावळ लापुलापुपर्यंत, म्हणजे मॅक्टन बेटाच्या जुन्या सरदारापर्यंत नेतात.

मॅक्टन बेटावरची लढाई २७ एप्रिल १५२१ ची. स्पेनच्या ताफ्याचा दर्यावर्दी मॅगेलन तिथे मारला गेला. सोबत असलेल्या पिगाफेत्ता या इटालियन माणसाने डोळ्यांदेखत पाहिलेलं लिहून ठेवलंय. त्यात काय आहे? बाण, बांबूचे भाले, विस्तवात टोकं कडक केलेल्या काठ्या, दगड, आणि मॅगेलनच्या डाव्या पायावर बसलेला एका मोठ्या वाकड्या तलवारीचा वार. गुडघाभर पाण्यात, संख्येने कितीतरी जास्त लोकांनी घेरलेला माणूस. यात हातांच्या नजाकतीचा, काठीच्या पद्धतीचा उल्लेख नाही. 'एस्क्रिमाने मॅगेलनला मारलं' हे टी-शर्टवर शोभतं, इतिहासात नाही.

आणि शब्दसंपदा बघा: एस्पादा इ दागा, लार्गो, मेदियो, कोर्तो, रेदोंदा, आबेसेदारियो. सगळं स्पॅनिश. तीनशेहून जास्त वर्षं स्पेनचं राज्य होतं, तलवार-खंजीर जोडीने वापरण्याची पद्धत त्या काळी युरोपभर होती. स्थानिक सुरे-बोलो (कोयते) आणि स्पॅनिश तलवारबाजी यांची सरमिसळ झाली नाही असं म्हणणं धाडसाचं. पण सरळ उचलेगिरी म्हणणंही चूक, कारण जवळ शिरल्यावर रिकाम्या हाताने जे काम चालतं ते युरोपियन तलवारबाजीत तसं दिसत नाही.

सरकारदरबारी मान्यता मात्र अगदी अलीकडची. २००९ च्या डिसेंबरात कायदा क्रमांक ९८५० झाला आणि अर्निस हा फिलिपिन्सचा राष्ट्रीय युद्धकला प्रकार आणि राष्ट्रीय खेळ ठरला. शाळांच्या शारीरिक शिक्षणात तो शिकवायचा असं त्यातच आहे. आपल्याकडे फरी-गदका शाळेच्या तासाला असता तर काय झालं असतं, याचा विचार पुणेकरांनी करावा.

अर्धवट_पुणेकर

सगळे मलाच का बोलताय. बरं, मागे घेतो. अर्धं.

विलासकाका_डोंबिवली

माझा एक साधा प्रश्न. लोकलमध्ये कुणी सुरा काढला तर यातलं काय उपयोगी पडतं? आमच्या वेळी हातचं पाकीट देऊन मोकळं व्हायचे.

गारवेल

काका, पाकीट द्यायचं. मास्टरांचंही हेच उत्तर.

रविवार दुपारचा प्रयोग सांगते, त्यात सगळं आलं. सगळ्यांना जुना पांढरा टी-शर्ट आणायला सांगितला होता. जोडीतल्या एकाच्या हातात जाड लाल मार्कर. तो मार्कर म्हणजे सुरा. दुसऱ्याने शिकलेलं सगळं वापरून अडवायचं. वेळ पाच सेकंद. माझ्यासमोर एक विशीतला मुलगा होता, कुस्ती खेळलेला, हात माझ्या दुप्पट. पाच सेकंदांनंतर त्याच्या शर्टावर मी रेघा मोजल्या: पोटावर तीन, एक काखेत, एक गळ्याच्या बाजूला, मनगटांवर तर इतक्या की मोजायचं सोडलं. त्याने माझा हात दोनदा पकडला होता, चांगला पकडला होता. तरीही. मी काही तरबेज नाही काका, मी फक्त थांबले नाही. सुरा हातात असलेला माणूस थांबत नाही, तो शिलाई मशीनसारखा चालतो, आणि वर्गात शिकवलेलं तंत्र मात्र एका वाराचं असतं.

मग भूमिका बदलल्या. माझ्या शर्टाची कथा सांगत नाही.

त्यानंतर मास्टरांनी दारं उघडली आणि खरा सराव घेतला: मार्करवाला समोर दिसला की वळा आणि दाराकडे पळा. मधे खुर्च्या टाकून ठेवल्या होत्या. पळताना खुर्ची मागे ओढायची, पिशवी तोंडावर फेकायची, ओरडायचं. आणि दार लांब असेल, पाठीशी पोर असेल, तरच हात. साठीचा माणूस, आयुष्य यात घालवलेला, तो हे शिकवतो यावर माझा विश्वास बसतो. जो सुरा हिसकावायच्या पन्नास युक्त्या शिकवतो त्याच्यापासून मी लांब राहते.

विलासकाका_डोंबिवली

समजलं. म्हणजे आमचं बरोबरच होतं.

कासारघाटची_मुक्ता

काठी हिसकावण्याचं म्हणाला होतात ते लिहा ना. यूट्यूबवर बघितलंय, फार सोपं वाटतं.

गारवेल

सोपं वाटतं कारण समोरचा काठी तिथेच धरून उभा असतो. शिबिरात ते शिकायला मजा येते, नाही म्हणत नाही. काठी अडवली, डाव्या हाताने तिचं टोक धरलं, आपल्या काठीची मूठ त्याच्या मनगटावर दाबून फिरवलं की त्याची काठी गळून पडते. अंगठ्याची बाजू कच्ची असते, सगळं त्यावरच. पण स्पर्धा बघा. चिलखत घालून, मुखवटा घालून भरवेगात खेळतात तेव्हा काठी हिसकावणं क्वचित जमतं. काठी हातातून जाते ती बहुतेकदा बोटांवर सणसणीत बसल्यामुळे. जुने लोक मुळात काठीवर काठी मारतच नसत, हातावर मारत. म्हणजे सरावाला येणाऱ्याची बोटं पहिल्या महिन्यात कामातून जायची आणि मग येणारेच संपायचे. रेमी प्रेसास या फिलिपिनो उस्तादांनी मॉडर्न अर्निस ही आपली पद्धत बसवताना हे बदललं, सरावात काठीवर काठी. त्यामुळे शाळा-कॉलेजात शिकवणं शक्य झालं आणि ही कला टिकली असं मानणारे पुष्कळ. त्याचा तोटा वर लिहिलाच: काठीला मारायची सवय लागते.

स्टॉकटनचा_गडी

उशिरा येतोय धाग्यावर. मी राहतो तिथून लिटल मनिलाचं, म्हणजे जुन्या फिलिपिनो वस्तीचं, जे काही उरलंय ते चालत दहा मिनिटांवर आहे. गारवेल यांनी शिबिर युनियन सिटीत केलं, पण या कलेचं अमेरिकेतलं घर म्हणजे कॅलिफोर्नियातलं स्टॉकटन, हे कुणीतरी सांगायला हवं म्हणून लिहितो.

१९२०-३० च्या दशकांत हजारो फिलिपिनो तरुण इथल्या शेतांवर मजुरीला आले. अ‍ॅस्परॅगस ही भाजी कापणं हे त्यांचं मुख्य काम, वाकून वाकून पाठीचा काटा ढिला. बहुतेक अविवाहित, कारण बायका फारच थोड्या आल्या होत्या आणि गोऱ्या मुलीशी लग्न कायद्याने बंद. १९३० च्या जानेवारीत वॉटसनव्हिलला त्यांच्यावर जमाव चालून गेला, त्याच महिन्यात इथे स्टॉकटनमध्ये त्यांच्या संघटनेच्या इमारतीवर बॉम्ब टाकला. या माणसांना काठी-सुरा येत होता आणि ते तो कुणाला दाखवत नव्हते. मजुरांच्या खोल्यांत, दार लावून, आपल्यातल्याच एखाद्याला शिकवायचे.

१९६६ साली आंखेल काबालेस यांनी स्टॉकटनमध्ये सगळ्यांसाठी वर्ग उघडला, कुणीही या. अमेरिकेतला असा पहिला वर्ग म्हणून तो ओळखला जातो. त्यांची पद्धत सेर्रादा, आखूड काठी, जवळचं काम. लिओ हिरोन हे दुसरे, त्यांनी दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्सच्या जंगलात बोलो प्रत्यक्ष वापरलेला. ब्रूस लीचे मित्र डॅन इनोसांतो यांचा जन्मही इथलाच, १९३६ चा. जगभरात आज 'काली' म्हणून जे शिकवलं जातं त्यातलं खूपसं त्यांच्या हातून पसरलं.

लिटल मनिला मात्र गेलं. हायवे काढायला हॉटेलं, खानावळी, न्हाव्याची दुकानं सगळं पाडलं. म्हाताऱ्या मजुरांना रातोरात खोल्या सोडाव्या लागल्या. आज त्या हायवेखालून गाडी नेताना काहीच कळत नाही.

जाता जाता: याच गावात १९१२ चा गुरुद्वारा आहे, अमेरिकेतला सर्वांत जुना. गदर या अमेरिकेतल्या भारतीय क्रांतिकारकांच्या संघटनेच्या लोकांचा तिथे राबता होता. आपले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे गदरमधलेच, १९१५ साली लाहोरला फासावर गेले. गुरुद्वाऱ्यात गतका ही शिखांची काठी-तलवारीची कला चालते, गावात एस्क्रिमा. फक्त आमचा दांडपट्टा तेवढा नाही, म्हणजे पुणेकरांचं दुखणं मलाही आहे.

अर्धवट_पुणेकर

बघा. आता उरलेलं अर्धंही मागे घेणार नाही.

गारवेल

@स्टॉकटनचा_गडी, मनापासून धन्यवाद. त्या नर्सबाईंचे सासरे अ‍ॅस्परॅगसवालेच. त्यांनी जेवताना एवढंच सांगितलं की सासरे घरात काठी हातात घेऊ देत नसत, परक्यांना शिकवायला लागले आणि मुलं मात्र बास्केटबॉल खेळत राहिली. सुनेने निवृत्तीनंतर हातात घेतली.

डॉ_कोपरदुखी

फिजिओथेरपिस्ट म्हणून हात शिवशिवतात. असल्या शिबिरानंतर सोमवारी माझ्याकडे लोक येतात, टेनिस एल्बो घेऊन. कारण एकच: काठी आवळून धरणं. दोन दिवस सलग बारा तास आवळली की कोपराबाहेरचा स्नायूबंध बोंबलतो. धरायची ती खालच्या तीन बोटांनी घट्ट आणि वरची दोन सैल, वार बसायच्या क्षणी तेवढी मूठ आवळायची. मधल्या सुट्टीत मनगट फिरवण्यापेक्षा हाताची बोटं पूर्ण उघडून ताणा.

आणि डोळे. साधा चष्मा घालून जोडीचा सराव करू नका. पॉलिकार्बोनेटचे गॉगल लाकूडकाम करणाऱ्यांच्या दुकानात मिळतात, तेच घ्या.

कासारघाटची_मुक्ता

फी किती असते? आणि शेवटी सर्टिफिकेट मिळतं का? माझ्या भाचीला कॉलेजच्या अर्जात घालायचंय.

गारवेल

दोन दिवसांचे दोनशे डॉलरच्या आत. काठ्या वेगळ्या, वेताची जोडी पंचवीस-तीस डॉलरला येते. कामागाँगच्या, म्हणजे आबनुशी लाकडाच्या काळ्या काठ्या तिथे विकायला होत्या, दिसायला सुरेख, पण त्या जोडीत कुणाच्याही हातावर चालवायच्या नाहीत. हाडं मोडतात. एकट्याने फिरवायला किंवा भिंतीवर लावायला.

सर्टिफिकेट मिळालं. हजेरीचं आहे, तसं त्यावर स्पष्ट लिहिलंय, म्हणून मला ते पटलं. याआधी दुसऱ्या शहरात एका शिबिराला गेले होते, नाव घेत नाही. तिथे रविवारी चार वाजता जाहीर केलं की अजून तीनशे डॉलर भरले की 'प्रशिक्षक पातळी एक'. शनिवारी काठी उलटी धरणारा माणूस रविवारी संध्याकाळी प्रशिक्षक झाला, फोटोही काढला. माझ्या वर्गातल्या दोघांनी पैसे भरले आणि त्यातला एक आता खरंच शिकवतो. त्याच्याकडे शिकणाऱ्यांची मला काळजी वाटते, कारण तो दिसायला उत्तम आहे. बोलायलाही.

भाचीला अर्जात घालायचं असेल तर शिबिर नको. आठवड्याचा वर्ग लावू दे वर्षभर, मग शिबिर. शिबिरात दोन दिवसांत एवढं ओततात की नव्या माणसाच्या हाती काही लागत नाही, व्हिडिओ काढतो आणि पुन्हा कधी बघत नाही. मी आता ठरवूनच जाते की एकच गोष्ट घ्यायची आणि बाकीच्या वेळी जोड्या बदलत राहायच्या. आपल्या वर्गातल्या ओळखीच्यांबरोबर जोडी लावायचीच नाही, ती तर दर बुधवारी लागतेच. अनोळखी उंची, अनोळखी वेग, डावखुरा माणूस, घाबरट माणूस, मारकुटा माणूस, हे सगळं एका हॉलमध्ये मिळतं. त्याचे पैसे.

नवखी_नाशिककर

नाशिक-पुण्याकडे वर्ग शोधायचा तर काय बघावं? इन्स्टाग्रामवर 'कमांडो काली' वगैरे दिसतं, काळे कपडे, धूर, पाठीमागे ढणढण संगीत.

गारवेल

एक दिवस नुसतं बघायला जा. तीन गोष्टी बघा. शिकवणारा स्वतः वार देतो का, की फक्त विद्यार्थ्यावर करून दाखवतो? जुने विद्यार्थी नव्यांना कसं वागवतात? आणि महिन्यातून एकदा तरी मुखवटे घालून मोकळं खेळतात का? धूर आणि संगीत असेल तर चपला घालून ठेवा, निघायला बरं.

आणि काही नसेलच, तर पंचगंगाकाठ म्हणाले तशी तालीम शोधा. फरी-गदक्याचं जोडीचं काम करणारी. मला त्याबद्दल वाचल्यापासून चैन नाही.

पंचगंगाकाठ

ताई, डिसेंबरात येणार असाल भारतात तर कोल्हापूरला या. वस्तादांशी बोललोय. बाईमाणूस म्हणून काही अडचण नाही, आमच्याकडं पोरी पण आहेत आता, पोरांपेक्षा बऱ्या. तुमच्या त्या वेताच्या काठ्या आणा, त्यांना बघायच्या आहेत. फक्त सकाळी साडेपाचला तालमीत हजर लागतं.

गारवेल

नक्की! १८ ते ३० सांगलीत आहे माहेरी. काठ्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, चेक-इनच्या बॅगेत तिरक्या बसतात, आणते. साडेपाच म्हणजे घड्याळाचे की तालमीचे?

पंचगंगाकाठ

वस्ताद पाचलाच येऊन बसलेले असतात.

फणसपोळी

तुरोन केलं. राजेळी फार पिकली होती, पारी फुटली. तेल सगळीकडे. पण चव भन्नाट. पुढच्या वेळी कच्ची घेईन.